आधी पुसा

मागच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी, सावेडीत आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर रिमोटच्या गाड्यांची शर्यत सुरू होण्याच्या बेतात असताना, निर्मला गाडेकर यांनी आपली गाडी रेषेवरून उचलली आणि काखेत धरली. "माझी आज नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी गाडी मागे घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

गाडेकरबाई माझ्या समोरच्या दारात राहतात. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. माहेर कर्जतकडचं. बोलणं शाळेतलं, स्वच्छ. राग आला की मात्र कर्जत बाहेर येतं. मला त्या 'संपादक' म्हणतात. मी संपादक नाही, वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. ही दुरुस्ती मी वारंवार पाठवली. ती अद्याप छापून आलेली नाही.

बाईंना सैल स्क्रू सहन होत नाही. नात्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या काकांना उठवलं, हातातल्या अक्षता त्यांच्या ओंजळीत ठेवल्या आणि त्यांची खुर्ची उलटी करून पाय आवळले. पाना पर्समध्ये होता. माझ्या स्कूटरचा आरसा, सोसायटीच्या गेटची बिजागरी, टपाल घेऊन येणाऱ्या बाईंच्या चष्म्याची काडी, हे सगळं त्यांच्या हातून गेलेलं आहे. नुसतं आवळून त्या थांबत नाहीत. स्क्रू पुन्हा काढतात, पुसतात, त्याला औषध लावतात आणि मग बसवतात.

औषध म्हणजे थ्रेडलॉकर. स्क्रूच्या आट्यांना लावायचं हे पातळ द्रव हवा बंद झाली की धातूंच्या मध्ये घट्ट होतं, आणि मग धक्क्यांनी स्क्रू सैल होत नाही. रिमोटची गाडी दगडगोट्यांतून उड्या मारत जाते; औषध नसेल तर तिचे स्क्रू प्लॉटभर वेचावे लागतात. निळं औषध लावलेला स्क्रू पान्याने उघडतो. लाल लावलेला उघडत नाही, तो तापवावा लागतो. बाई निळ्याच्या बाजूच्या आहेत. "बसवलेलं उघडता आलं पाहिजे. नाहीतर खिळाच ठोका की!"

औषधाची पहिली बाटली त्यांना अर्धी रिकामी मिळाली होती. त्या दुकानात परत गेल्या आणि दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर उभं करून मापाविषयी बोलल्या. घरी आल्यावर त्यांनी माहिती वाचली. हवा मिळाली तरच हे औषध पातळ राहतं, म्हणून बाटली मुद्दामच अर्धी भरतात. त्या लगेच पुन्हा दुकानात गेल्या आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात माफी मागितली. दुकानदार अजूनही त्यांना पाहिल्यावर उभा राहतो.

रविवारी शर्यतीआधी बाई सगळ्यांच्या गाड्या तपासतात. त्यांना हे काम कुणी दिलेलं नाही. काढून घेण्याचीही कुणाची हिंमत नाही. अन्वरभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, कटारिया दातांचे डॉक्टर आहेत. दोघेही गाडी पुढे करून वर्गातल्यासारखे उभे राहतात.

"अन्वर, हा स्क्रू पुसला होता का?"

"पुसला ना बाई."

"कशानं?"

"शर्टाला."

"शर्टाला तेल असतं! स्पिरिटनं पुसायचा. आधी पुसा, मग औषध. आणि थेंब. धार नव्हे."

डॉक्टरांनी एकदा प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंनाही औषध लावलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या पुढच्या भागाला तडे गेले. बाईंनी ते तुकडे ओळीने मांडले. "प्लास्टिकला हे औषध न्हाई, किती येळा सांगितलं? पेशंटला असंच काहीबाही देता का हो?"

"पेशंट ऐकतात तरी, बाई," डॉक्टर म्हणाले.

गाडी बाईंची नव्हती. ती त्यांचे यजमान माधवराव यांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतली. तेव्हा बाई गॅलरीतून बघत आणि विचारत, "साठीनंतर रांगायला लागलात का?" माधवराव हसत आणि गाडी कुंपणावर घालत. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. मोटरच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. ते डोकं नसलेल्या एका बारीक स्क्रूने धरलेलं असतं. त्या स्क्रूला त्यांनी लाल औषध लावलं. लाल आणि निळ्या औषधाच्या दोन्ही बाटल्या बाहेरून लालच होत्या. रंग आतल्या औषधाचा बघायचा असतो. त्यांनी बाटली पाहिली. यावरून दोघांचं झालेलं भांडण मला समोरच्या दारातून ऐकू आलं होतं.

"अहो, वाचा तरी काय लिहिलंय!"

"पक्कं बसलं की नाही? मग झालं. तुला कुठे उघडायचंय?"

गाडीवर त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. त्या पावसाळ्यात माधवराव गेले. दिवाळीनंतर बाई गाडी घेऊन प्लॉटवर आल्या. पहिल्या दिवशी त्यांनीही ती कुंपणावर घातली. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे निळ्या औषधाची बाटली होती. गाडीतला प्रत्येक स्क्रू त्यांनी काढला, पुसला, पुन्हा बसवला. एक सोडून.

त्यानंतरच्या वर्षभरात पिनियनचे दात झिजले. गाडी वळणावर ओरडू लागली.

"बाई, लई रडतीय हो गाडी," अन्वरभाई म्हणाले. "दुकानात आणा. सोल्डरिंगचं टोक लावतो त्या स्क्रूला. चहा निवायच्या आत सुटंल."

"उष्णतेनं मोटरचं चुंबक कमजोर होतं."

"एवढ्यानं काय होतंय?"

"होतं."

डॉक्टरांच्या गाडीतला असाच लाल स्क्रू बाईंनी स्वतः तापवून काढून दिला होता. तेव्हा चुंबकाचा विषय निघाला नव्हता.

त्या रविवारी रेषेवर गाडी ठेवताना आवाज बदलला. आता कुरकुर नव्हती, दळल्यासारखं होत होतं. डॉक्टरांनी वाकून आत पाहिलं. "पिनियनचे दात गेले, बाई. आता ते शेजारच्या मोठ्या चाकाचे खातंय. आज पळवलीत तर आतलं सगळं जाईल." बाईंनी गाडी उचलली ती तेव्हा.

दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. "संपादक, अन्वरला फोन लावा. म्हणावं, ते तापवायचं घेऊन ये."

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. नवं पिनियन, नवा स्क्रू, स्पिरिट, कापूस आणि निळ्या औषधाची बाटली ओळीने मांडलेली होती. पिनियनचं पाकीट जुनं दिसत होतं. ते बरेच महिने घरात असावं असं अन्वरभाईंनी नंतर मला सांगितलं.

अन्वरभाईंनी तापलेलं टोक स्क्रूवर धरलं. जळकट वास आला. बाईंनी पाना घातला आणि फिरवला. स्क्रू हलला नाही.

"द्या बाई, मी बघतो."

"तू तापव. फिरवायचं मी बघते."

दुसऱ्यांदाही हलला नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पाना पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी बारीक 'कट्' असा आवाज झाला.

"सुटला," अन्वरभाई म्हणाले.

"हो." बाईंनी स्क्रू बाहेर काढला. "पक्कं बसवलं होतं हो."

मग त्यांनी मोटरचा दांडा स्पिरिटने पुसला, नवं पिनियन पुसलं, नवा स्क्रू पुसला. निळ्याचा एक थेंब लावला. स्क्रू आवळला आणि उद्यापर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही असं आम्हा दोघांना बजावलं. ऐकायला घरात तिसरं कुणी नव्हतं. चहा झाला. अन्वरभाईंनी मोटर फिरवून पाहायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

पुढच्या रविवारी गाडी धावली. आवाज नव्हता. डॉक्टर पहिले आले, बाई दुसऱ्या. डॉक्टरांचं मागचं चाक सैल असल्याची तक्रार बाईंनी जागेवरच नोंदवली. तपासलं तेव्हा ते सैल निघालं.

जुना स्क्रू माधवरावांच्या चष्म्याच्या डबीत, कापसावर ठेवलेला आहे. डबी टीव्हीशेजारी असते. स्क्रूच्या आट्यांमध्ये सुकलेलं लाल औषध आहे. तो पुसलेला नाही.