लघवीची पूर्वनियोजित तपासणी

तपासणी अधिकारी साहेबांना दुसऱ्यांदा मुतखडा झाला, ही बाब गंभीर होती. पहिल्या खड्याला त्यांनी अपवाद म्हणून मान्यता दिली होती. दुसऱ्याच्या वेळी मात्र ते पलंगाची कड धरून ढसाढसा रडले आणि बायकोला म्हणाले, "आता तिसरा नको गं. काय वाट्टेल ते करीन."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हाती एक मोठा कॅन दिला. "एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी यात साठवा. मीठ किती जातंय, कॅल्शियम, ऑक्झलेट किती, खडा रोखणारं सायट्रेट पुरेसं आहे का, सगळं कळेल. त्यावरून औषध ठरवू. मात्र त्या दिवशी रोजच्यासारखंच खा-प्या."

आता साहेबांचं रोजचं म्हणजे खारे दाणे आणि पाण्याशी वैर. एखाद्या कार्यालयाच्या तपासणीला गेल्यावर ते पाण्याला तोंड लावत नसत. लावलं तर उठावं लागे, आणि आपण उठलो की मागे तिथली मंडळी काहीतरी दडपतात, असा त्यांचा अनुभव होता. "मी येणार म्हटलं की सगळे एका दिवसापुरते शहाणे होतात," असं ते घरी येऊन तावातावाने सांगत.

कॅन घरात आला आणि साहेबांची झोप उडाली. आयुष्यात प्रथमच तपासणी त्यांची होणार होती.

त्या सकाळी दाण्यांची बरणी माळ्यावर गेली. साहेबांनी रजा टाकली आणि लिंबू पिळून पाणी ढोसायला सुरुवात केली.

"अहो, रोजच्यासारखं वागायला सांगितलंय ना?" बायको म्हणाली.

"रोजचं त्यांना कशाला दाखवायचं? चार लोक बघणार तो रिपोर्ट! घराण्याची काही लाज आहे की नाही?"

संध्याकाळी दुसरा कॅन मागवावा लागला.

रिपोर्ट उत्कृष्ट आला. डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "तुमच्या लघवीत खडा होण्यासारखं काहीच दिसत नाही. औषध नको. जसं चाललंय तसंच चालू द्या."

साहेबांनी रिपोर्ट आल्यागेल्याला दाखवला आणि वैद्यकीय सल्ल्याचं तंतोतंत पालन करण्यासाठी बरणी माळ्यावरून खाली काढली.

तिसरा खडा एका कार्यालयात, ऐन तपासणीत हलला. भिंतींना ताजा रंग होता. "मी येणार म्हणून रंगवल्यात! मला काय दुधखुळा समजता?" असं ओरडता ओरडता साहेब कळवळून त्याच भिंतीला टेकले. दवाखान्यात पोचले तेव्हा पाठ हिरवीगार होती.

बायकोने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मला फसवून काय मिळवलंत? खड्याला कुठे रिपोर्ट वाचता येतो! आता पुन्हा तपासणी करायची. पण कॅन तुमच्या बायकोकडे राहील. कुठल्या सकाळी काढायचा, ते त्याच ठरवतील."

"आगाऊ सूचना न देता?" तेवढ्या कळांतही साहेब ताडकन उठून बसले. "हा सरळसरळ अन्याय आहे. माणसाला तयारीला वेळ नको?"

इथे तुम्ही हसलात. खुशाल हसा. दाताच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी तुम्ही किती वेळ दात घासता, ते आम्ही विचारत नाही. आदल्या दिवशीचं तेवढं सांगा.