किमचीच्या कप्प्यातली पेनं

कोणत्याही समाजाची उंची तो आपली सर्वात मौल्यवान वस्तू किती अंशांवर ठेवतो, यावरून ठरते. मागासलेले समाज ती तिजोरीत ठेवतात. तिथे तापमानाचा विचारच नसतो. कोरियातल्या गुनसान शहरातल्या आमच्या हानबित अपार्टमेंटचं ज्येष्ठ सदन या बाबतीत जगाच्या बरंच पुढे आहे. सदनात किमचीसाठी वेगळा फ्रिज आहे.

(साधा फ्रिजही आहे. त्यात दूध, अंडी आणि कोणाच्या तरी सुनेने आणलेलं काहीतरी असतं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.)

थंडीच्या तोंडावर सगळ्या बायका मिळून कोबीचे डोंगर मिठात मुरवतात, पानापानाला तिखट चोळतात आणि डबे भरून या फ्रिजमध्ये लावतात. फ्रिज शून्याच्या किंचित खाली चालतो. पुढच्या थंडीपर्यंत किमची त्यात ना फार आंबते, ना गोठते. फ्रिजच्या प्रमुख बांग ओक-जाताई. त्यांची निवडणूक कधी झालेली नाही आणि होणारही नाही. वाट चुकून आत शिरलेली दह्याची वाटी त्यांनी एकदा मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरून बाहेर काढली होती. तेव्हापासून आत काय जायचं आणि काय नाही, हा प्रश्न सदनापुढे आलेला नाही.

आता मोक सुन-इमताईंकडे वळू. वय सत्तरीच्या पुढे, टाइप टू मधुमेह जुना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डोळ्यांच्या दवाखान्याने स्पष्ट सांगितलं होतं की, आधी साखर खाली आणा, मग शस्त्रक्रिया. वसंतापूर्वी ती उतरली तर तारीख पक्की, नाही उतरली तर रांगेत शेवटी.

यात सदनाचं हित गुंतलेलं होतं, ते असं. सदनात जेवणानंतर ह्वाथू खेळतात. फुलाफांद्यांची चित्रं असलेले छोटे, जाड पत्ते असतात. सुन-इमताईंना प्लमचं फूल चेरीचं वाटायचं आणि चेरीचं फूल कधी कधी टेबलावर सांडलेलं लोणचं वाटायचं. जो हरेल त्याने भांडी घासायची, हा सदनाचा नियम. त्यामुळे गेल्या वर्षभरात भांडी कोणी घासायची यावर एकदाही वाद झाला नव्हता. असं असूनही ताईंचे डोळे सुधारावेत हा ठराव सदनाने एकमताने मंजूर केला. (दोघे जण मतदानाच्या वेळी झोपले होते, त्यांचं मौन संमती धरण्यात आलं.)

आरोग्य केंद्रातून आठवड्याला एकदा टोचायची, एकदाच वापरायची इंजेक्शनची पेनं मिळाली. ती समजून घ्यायला ताईंबरोबर सदनाचे अध्यक्ष प्यो गिल-सोप जातीने गेले. अध्यक्ष म्हणजे बंदरावरचे निवृत्त क्रेनचालक. सूचना ऐकताना मान डोलावत राहायची त्यांना सवय आहे, कारण क्रेनच्या आवाजात दुसरं काही करता येत नसे.

परिचारिका सोन मी-राए यांनी सावकाश सांगितलं, "फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा गोठलं की बाद. वितळलं तरी वापरायचं नाही. टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. टोपण आयत्या वेळी काढा. पोटावर टेकवून दाबा, दुसरा 'टक' ऐकू येईपर्यंत उचलू नका. दर वेळी जागा बदला. एक पेन, एक माणूस, एकदाच. आणि वापरलेली पेनं जाड, झाकणाच्या बाटलीत घालून माझ्याकडे आणा."

अध्यक्षांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. दोन वाक्यांच्या मध्येही डोलावली.

संध्याकाळी सभा भरली. विषय एकच, पेनं कुठे ठेवायची. परिचारिका फ्रिज म्हणाल्या होत्या. आता फ्रिज म्हटल्यावर अंड्यांशेजारी कोणी औषध ठेवेल का? चर्चा सुरू होण्याआधीच ओक-जाताई उठल्या. त्यांनी किमचीच्या फ्रिजमधून मुळ्याचा एक अख्खा डबा बाहेर काढला आणि रिकाम्या झालेल्या जागी, अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवून, पेनांचा खोका ठेवला. तिथली थंडी सर्वात शुद्ध समजली जाते. एका सभासदाच्या डोळ्यांत पाणी आलं. (तो मुळा त्यांनी आणलेला होता.)

लेखापरीक्षक यॉम दाल-सू यांनी एक शंका काढली. त्या बाई गोठू देऊ नका म्हणाल्या होत्या, याचं काय?

"या फ्रिजमध्ये आजवर काही गोठलंय?" ओक-जाताईंनी विचारलं.

काहीही गोठलेलं नव्हतं. युक्तिवाद निर्दोष होता. (किमचीत भरपूर मीठ असतं आणि खारट पाणी सहजी गोठत नाही. औषधात तेवढं मीठ नसतं. परंतु औषध सभासद नसल्यामुळे त्याला सभेत बोलता आलं नाही.)

यानंतर सदनाने सुरक्षेच्या बाबतीत जो आदर्श घालून दिला, तो पाहायला शेजारच्या दोन अपार्टमेंटांतली मंडळी येऊन गेली. दर मंगळवारी जेवणानंतर ओक-जाताई खोका उघडून एक पेन काढत आणि स्वच्छ रुमालावर ठेवत. अध्यक्ष घड्याळ हातात धरून शेजारी बसत. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एकदा चहा आला तरी ते जागचे हलले नाहीत. अर्ध्या तासात आतलं जे काही वितळायचं ते वितळून जाई. मग दाल-सू पेनाच्या छोट्या खिडकीतून आत पाहत आणि जाहीर करत की औषध स्वच्छ आहे, रंगहीन आहे आणि त्यात तरंगणारं काही नाही. एखादी चूक झाकायची असेल तर नियम काटेकोर पाळण्यासारखं दुसरं साधन नाही, हे इथे नमूद करायला हवं.

टोचताना पुरुष सभासद सभ्यतेपोटी भिंतीकडे तोंड करून उभे राहत. तरी जबाबदारी त्यांनी सोडली नाही. पहिला 'टक' ऐकला की सगळे एका सुरात "एक" म्हणत, दुसरा ऐकला की "दोन". त्यानंतरच सुन-इमताईंनी पेन उचलायचं. पोटाची डावी-उजवी बाजू आलटून-पालटून येते की नाही, यावर ओक-जाताईंची नजर असे. ताई एकदा म्हणाल्या की, अगं, पोट माझं आहे. यावर त्यांना समजावण्यात आलं की सध्या ते सदनाचं आहे.

एक पेन, एक माणूस हा नियम मात्र सदनाच्या परंपरेत बसेना. आमच्याकडे तांदळाचा केक एकट्याने खाणाऱ्याशी लोक महिनाभर बोलत नाहीत. अध्यक्षांना स्वतःलाही थोडी साखर आहे, तेव्हा उरलंसुरलं काही असल्यास आपली हरकत नाही, असं त्यांनी सुचवून पाहिलं. उरत काही नाही आणि उरलं तरी चालत नाही, असं आरोग्य केंद्राने फोनवर कळवलं. अध्यक्षांनी फोनवरही मान डोलावली.

वापरलेल्या पेनांचा प्रश्न दाल-सूंच्या अखत्यारीत येत होता. कचऱ्याच्या वर्गीकरणात त्यांचा हात धरणारा आमच्या इमारतीत कोणी नाही. दुधाच्या पिशवीवरचं थेंबभर दूध त्यांना जिन्यातून दिसतं. पेन म्हणजे प्लास्टिक, काच, स्प्रिंग आणि सुई. चार वस्तू एकाच बाटलीत कोंबायच्या ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पक्कड घेऊन ते पेन उघडायला बसले. बायकोने पक्कड काढून घेतली आणि कपडे धुण्याच्या साबणाची रिकामी बाटली हातात दिली, म्हणून बोट वाचलं. बाटलीवर त्यांनी "अवर्गीकृत" असं लिहिलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. (तिसऱ्या दिवशी मासे होते.)

इतकी सुरक्षितता असूनही साखर काही खाली येईना.

सदनाने चौकशी समिती नेमली. समितीने पहिल्या आठवड्यात पाकिटातली गोड कॉफी बंद केली. दुसऱ्या आठवड्यात तांदळाचे केक गेले, मग भाजलेली रताळी गेली. ताई एकट्या पडू नयेत म्हणून बंदी सगळ्यांना लागू झाली. परिणाम चकित करणारे होते. अध्यक्षांची साखर उतरली, दाल-सूंचा रक्तदाब उतरला, आणि दोन सभासदांना कित्येक वर्षांनी स्वतःचे गुडघे दिसले. समितीच्या उपायांनी सदनातल्या प्रत्येकाची तब्येत सुधारली, फक्त रुग्णाची नाही.

वसंत जवळ येत चालला. आता संशयाला एकच जागा उरली होती. गच्चीत दोरीला वाळत घातलेल्या पर्सिमॉन नावाच्या केशरी, गोड फळांतलं एक फळ कमी भरलं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात दाल-सूंना त्याचं देठ सापडलं. समिती कोणाचं नाव घेत नव्हती, ती फक्त सुन-इमताईंकडे बघत होती. (ते फळ अध्यक्षांनी खाल्लं होतं. समितीचे प्रमुख तेच असल्यामुळे हा मुद्दा चौकशीत आला नाही.)

तो शेवटच्या पेनाचा मंगळवार होता. ताई भांडी घासून, हात पुसत बाहेर आल्या, तर सगळे अजून टेबलाभोवतीच बसलेले. ओक-जाताई हळूच म्हणाल्या की, ताई, खाल्लं असेल तर सांगून टाका, आम्ही काही परके नाही.

ताईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "चोरून खायला ते फळ दिसायला तरी हवं ना, ओक-जा. मला त्या दोरीवर मोजे वाळत घातल्यासारखे वाटतात."

कोणी हसलं नाही. एरवी हसलो असतो.

"आण ते पेन इकडे," त्या पुढे म्हणाल्या. "अर्धा तास बसायची नाही मी तुमच्यात. टोचते आणि घरी जाते. आणि उद्यापासून तुमची भांडी तुम्ही घासा."

शेवटच्या वाक्याने सभेत खरी खळबळ माजली. अध्यक्ष घड्याळ शोधू लागले. तोवर ताईंनी स्वतःच फ्रिजचं दार उघडून, चाचपडत, मागच्या भिंतीशी हात घालून पेन बाहेर काढलं होतं. त्यांनी ते कानाशी हलवून पाहिलं, गालाला लावलं आणि मग ओक-जाताईंच्या हातात दिलं.

खिडकीतून आत पाहिलं तर औषध पांढरं होतं. थंडीच्या सकाळी काचेवर धरते तशी बर्फाची नाजूक, सुरेख नक्षी.

थंडीच्या बाबतीत ओक-जाताईंना कोणी फसवू शकत नाही. त्यांनी पेन उलटं केलं, सुलटं केलं. "गोठलंय," त्या म्हणाल्या. त्या फ्रिजविषयी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मग दार उघडं टाकून त्या बराच वेळ आत बघत उभ्या राहिल्या. किमचीची गार वाफ बाहेर येत होती आणि कोणाची दार लावा म्हणायची छाती झाली नाही.

"पण मग किमची कशी गोठत नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीठ," दाल-सू म्हणाले.

अध्यक्षांनी विचार केला. "मग औषधातही थोडं घालायला हवं होतं त्यांनी."

आरोग्य केंद्राला फोन गेला. सोन मी-राए रागावल्या नाहीत. पेनं कुठे ठेवली होती, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडेही?"

नवा खोका आला. तो साध्या फ्रिजच्या मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर, अंडी आणि सुनेने आणलेलं ते काहीतरी यांच्यामध्ये ठेवण्यात आला. ओक-जाताईंनी त्या दिवशी सगळी भांडी घासली, पातेल्यांच्या बुडांसकट. माफी मागायचा हा प्रकार आमच्याकडे तोंडाने मागण्यापेक्षा वरचा समजला जातो. सुन-इमताई शेजारी उभ्या राहून भांडी पुसत होत्या, म्हणजे माफी मिळाली.

औषध औषधासारखं वागू लागलं. साखर उतरली, तारीख हुकली नाही, दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर ताई सदनात आल्या, आपल्या जागी बसल्या, पत्ते हातात घेतले आणि पहिल्याच डावात म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमच्या मांडीखाली चंद्र उगवलाय. तो जरा इकडे द्या."

पौर्णिमेचा तो पत्ता गेलं वर्षभर तिथेच उगवत होता. त्या डावापासून ताई हरलेल्या नाहीत. पर्सिमॉनचं काय झालं, हे त्यांनी अध्यक्षांकडे नुसतं पाहिलं तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

चौकशी समितीने आपलं काम मात्र अर्धवट सोडलं नाही. अंतिम अहवालात जबाबदारी निश्चित केलेली आहे. फ्रिज निर्दोष, कारण त्याने आपलं काम चोख केलं. ओक-जाताई निर्दोष, कारण त्यांनी घरातली सर्वात चांगली जागा दिली. परिचारिका निर्दोष, कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं. अध्यक्ष निर्दोष, कारण त्यांनी ते स्पष्ट ऐकलं. औषध काही अंशी दोषी, मिठाअभावी.

मुख्य दोष समितीने एकाच व्यक्तीवर ठेवला आहे. खोका मागच्या भिंतीला टेकला त्याच क्षणी या व्यक्तीला पुढचं सगळं कळलं होतं. तिला मिठाचं माहीत होतं, अर्ध्या तासाचं माहीत होतं, फळ कोणी खाल्लं तेही माहीत होतं. एका बाईचे डोळे पणाला लागलेले असताना आणि तिच्यावर चोरीचा आळ येत असताना तिने एका शब्दाने कोणाला सावध केलं नाही. उलट, ती आरामात बसून मजेत पुढे वाचत राहिली.

सदर व्यक्तीने येत्या मंगळवारी जेवणानंतर हजर व्हायचं आहे. भांडी बरीच साठली आहेत. साबण सदनाचा मिळेल.