समोरच्या बाजूने दुरुस्ती

काचेच्या बरोबर मधोमध एक आडवी पांढरी रेघ आहे. ती डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाते. कुठे वाकत नाही, थरथरत नाही. तिच्या वर काळोख, तिच्या खाली काळोख. आमच्या घरात इतकी सरळ वस्तू दुसरी नाही.

कोणतीही वस्तू बिघडली की माणसं तिच्या समोर जमतात आणि बिघाड मागे असतो. हा निसर्गनियम असावा. निदान आमच्या चारठाणा गावात तरी मला त्याला अपवाद सापडलेला नाही.

वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमचं जुनं मशीन. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, आत पिक्चर ट्यूब, पुढे दांडी आणि बटणं. माझे सासरे लिंगराजअप्पा यांनी ते तरुणपणी हैदराबादहून टेम्पोत घालून आणलं आणि किराणा दुकानामागच्या खोलीत मांडलं. त्या काळी जिंतूरहून पोरं खेळायला यायची. पुढे पोरांच्या हातात मोबाईल आले, तरी मशीन चालू होतं. मग एके दिवशी सगळं चित्र मिटून त्याची रेघ झाली.

खोलीचा प्रश्न मात्र आधीच सुटलेला आहे, हे नमूद करायला हवं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. नववी-दहावीच्या मुलींना प्रयोग स्वतःच्या हाताने करता यावेत, म्हणून मी ती खोली मागितली. अप्पांनी चार माणसांत होकार दिला: मशीन दुरुस्त झालं की विकायचं, विकलं की खोली सुनेची. आमच्या घरात आजवर कुठल्या सुनेला काही इतकं स्पष्टपणे मिळालेलं नाही. मुलींनी नावंही दिली. त्यांतल्या पहिल्या तुकडीतल्या दोघींची आता लग्नं झाली आहेत.

दुरुस्तीत एकच तांत्रिक अडचण आहे. मशीनच्या मागचं झाकण अप्पांनी स्वतःच्या हाताने लावलं आणि बजावलं होतं, "मी सांगितल्याबिगर कुणी उघडायचं न्हाई." ते सांगायचं राहून गेलं. त्यांना विचारायचं म्हणजे ते विसरले असं सुचवायचं, म्हणून कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही म्हणजे गरज नसणार, म्हणून अप्पा सांगत नाहीत. ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी पूर्ण आदराची आहे. तिच्यातूनच समोरच्या बाजूने दुरुस्ती करण्याचं शास्त्र विकसित झालं.

या शास्त्रात पहिला उपाय थाप. थाप कुठे मारायची हे कुणालाही माहीत नसलं, तरी किती जोरात मारायची हे नात्यावरून ठरतं. जावई बोटांनी टकटक करतात. चुलते तळहात वापरतात. माझे पती शिवकांत मुठीने मारतात, पण अप्पा दुकानात नसतील तेव्हाच.

दुसरा उपाय विजेचा. आमच्याकडे वीज म्हणत नाहीत, लाईट म्हणतात. आणि मोटर जळो, मिक्सर अडो, पहिलं निदान "लाईट डीम हाय" हेच असतं. त्यानुसार स्टॅबिलायझर आणला. रेघ हलली नाही, म्हणून स्टॅबिलायझरला सांभाळायला दुसरा स्टॅबिलायझर आणला. आता दोघेही उत्तम गुणगुणतात.

तिसरा उपाय सासूबाईंचा. एका सोमवारी चन्नबसम्मांनी इष्टलिंगाची पूजा आटोपली आणि उरलेल्या भस्माची तीन बोटं काचेवर ओढली. दुपारी आलेल्या पाहुण्यांनी लांबूनच लक्षणीय सुधारणा झाल्याचं सांगितलं. एका रेघेच्या चार झाल्या होत्या.

(आकडेवारीच हवी असेल तर: निदान करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लाईटला दोष दिला, एक तृतीयांशांनी दृष्टीला, आणि उरलेल्यांनी मला चहा टाकायला सांगितला.)

बिघाडाचं कारण मीही सांगितलं होतं. ट्यूबमधला किरण आडवा धावतो आणि वर-खालीही. वर-खाली नेणारा भाग बंद पडला, की सगळं चित्र एका रेघेत गोळा होतं. बहुधा मागच्या बोर्डावरचा एखादा सोल्डरचा टाका सुटला असेल. मात्र उघडताना जपायला हवं, कारण बंद केल्यावरही ट्यूब बराच वेळ आत वीज धरून ठेवते. (घरातल्या इतर मंडळींबद्दल मला काही म्हणायचं नाही.)

सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "सूनबाई लय शिकल्यात," पेडगावचे महारुद्रकाका कौतुकाने म्हणाले. "शिवकांत, हाण बरं अजून एक थाप."

महारुद्रकाका अप्पांचे मावसभाऊ. मशीनचा आवाज शाबूत असल्यामुळे ते रेघेवरही खेळतात, आणि चित्र बघून खेळणाऱ्यांपेक्षा आपण पुढे जातो असं त्यांचं म्हणणं आहे. ते खोटं ठरवण्याची सोय नाही.

मागच्या आठवड्यात संभाजीनगरहून बुद्धभूषण नावाचा तरुण आला. त्याला नव्या हॉटेलात शोभेला असंच मशीन हवं होतं.

"रेघ असू द्या काका, मला आतला पडदाच बदलायचाय. आहे तसं द्या."

"तसं कसं?" अप्पा म्हणाले. "बिघडलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा व्हय?"

"मीच मागायलोय की."

"तुमी मागा ना. आमी देणार न्हाई."

"दुरुस्त करायलोत आमी," शिवकांत म्हणाले. "होतच आलंय."

तो चहा पिऊन गेला. जाताना त्यानेही काचेवर एक टकटक केली.

"लय बरं केलंस, लिंगू," महारुद्रकाका म्हणाले. "आन् मी म्हंतो, दुरुस्त झाल्यावर तरी कामून इकायचं? चालू मशीन कोण इकतं का?"

हे सर्वांना पटलं. तर्क निर्दोषच होता. बिघडलेलं मशीन विकता येत नाही, चालू मशीन विकायची गरज नाही. ही दोन विधानं सोडून उरेल तेवढी जागा माझी.

"शिवकन्या, चहा टाक गं," सासूबाई म्हणाल्या. आता नव्याने विचार करायचा होता.

वाचकांतल्या जाणकारांनी एव्हाना मनातल्या मनात झाकण उघडून टाका जोडला असेल. अधीर मंडळींनी थापही मारली असेल. काहींना वाटलं असेल की अप्पांना कुणीतरी विचारायला हवं. तुम्ही सगळे इतका वेळ काचेसमोर उभे आहात, आणि मशीनला खाली चाकं आहेत का, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही.

आहेत. चारही फिरतात.

मी चहा दिला, दोन्ही स्टॅबिलायझरची बटणं बंद केली, पेटीच्या कडेला दोन्ही हात लावले आणि म्हणाले, "अप्पा, मशीन मी दुकानात ढकलायलेय. दुरुस्ती तिथं चालू द्या. खोली मला लागते, मुलींना मी सोमवारी बोलावलंय."