एकाच नावाची चाळीस मशिनं

नवा रायपूरमधल्या त्या सरकारी कार्यालयात श्यामकांतइतक्या वेगानं टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची काळजी तो स्वतःच घेत असे.

"माउस म्हणजे म्हाताऱ्याची काठी!" तो म्हणायचा. "ज्याले रस्ता माहीत आहे, त्याले काठी कायले पायजे?"

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, काम फत्ते! अठरा वर्षं त्याचं असंच चाललं होतं.

कार्यालय निवृत्त कर्मचाऱ्यांचं. दर नोव्हेंबरात सगळ्या पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला आणून द्यायचा. ज्यांचा दाखला आला नसेल त्यांना रोज सकाळी अकरा वाजता एक मेसेज जायचा: 'आपका जीवन प्रमाण पत्र प्राप्त नहीं हुआ है। कृपया उपस्थित हों।' दाखल्यांची नोंद ठेवून हे काम करणाऱ्या मशीनचं नाव श्यामकांतनं 'स्मरण' ठेवलं होतं. घरी त्याची बायको मीरा म्हणायची, "कामावरच्या मशीनचं नाव स्मरण, आणि घरी दूध आणायचं आठवत नाही!"

तर झालं असं, की बुधवारी जिल्ह्या-जिल्ह्यांतून चाळीस कारकून शिकायला येणार होते. प्रत्येकाला सरावासाठी एक वेगळं 'स्मरण' हवं. चाळीस खरे संगणक कुठून आणणार? पण त्याची गरजच नव्हती. एका मोठ्या संगणकाच्या पोटात नुसत्या कल्पनेतली चाळीस मशिनं बसवता येतात. एक बनवायचं आणि त्याच्या नकला काढायच्या, बस्स!

"सर, माउस से एक-एक बना लेते हैं, देख-देख के," अनुश्री म्हणाली. ही त्याची सहकारी, रायपूरच्या समता कॉलनीतली. घर मराठी, पण मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत.

"काहून? एकच गोष्ट चाळीस वेळा करून राहू का? एक ओळ लिहितो. चहा येईस्तोवर चाळीस उभी!"

"पर सर, कॉपी को पहले साफ़ करना पड़ता है ना? पुराना नाम, पुराने काम, सब मिटाना..."

"ते मागून पाहू!"

सरावासाठी म्हणून त्यानं ऑक्टोबरात 'स्मरण'ची एक प्रत काढून झाकून ठेवली होती. मंगळवारी सकाळी दहा चाळीसला त्यानं ओळ लिहिली: ह्या प्रतीच्या एक ते चाळीस नकला कर आणि प्रत्येक चालू कर. बोटं मोडली. एंटर! चहा आला तेव्हा एका भांड्यात वाफवलेल्या तांदळाच्या फऱ्यांसारखी चाळीस मशिनं शेजारी-शेजारी तयार होती.

"पाहिलं?" तो म्हणाला, आणि चहाचा घोट त्यानं असा घेतला, जसा काही किल्ला जिंकून आला आहे.

पण नकलेला आपण नक्कल आहोत हे कुठे ठाऊक असतं? ती जागी होते तेव्हा तिला एवढंच कळतं, की माझं नाव स्मरण, महिना नोव्हेंबर आणि आता अकरा वाजले! चाळीसच्या चाळीस मशिनं कामाला लागली. त्यांच्याजवळची यादी ऑक्टोबरातली, म्हणजे जेव्हा कोणाचाच दाखला आला नव्हता. त्यामुळे ज्यांनी दाखला देऊन पोचपावती घेतली होती, त्यांनाही मेसेज गेला. चाळीस-चाळीस वेळा!

अकरा वाजून सात मिनिटांनी पहिला फोन वाजला. मग सगळेच फोन वाजू लागले.

"मैं खुद आकर साइन करके गया था! और कितना जीवित होना पड़ेगा?"

"सर, मेरा नाती पूछ रहा है, दादाजी सच में हैं क्या!"

श्यामकांतनं पडद्यावर भराभर प्रत्येक मशीनची खिडकी उघडली. खिडकी बंद केली की मशीनही बंद! सगळ्यांवर नाव एकच, स्मरण! दिवे मालवावेत तशी एकेक खिडकी तो बंद करत सुटला. शेवटची बंद करून त्यानं श्वास सोडला, तोच खालून काउंटरवरच्या बाईंची हाक आली, "श्याम सर! पूरा काउंटर बंद पड़ गया!"

सकाळपासून एक खिडकी उघडीच होती, खऱ्या 'स्मरण'ची. तीही त्यानं मालवली होती! खरं मशीन पुन्हा उभं राहायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात कोण जिवंत आणि कोण नाही, हे सांगणारं त्या इमारतीत कोणीच नव्हतं.

प्रमोदिनी मॅडम, म्हणजे त्याच्या वरिष्ठ, दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "श्यामकांत जी, जो लोग जीवित हैं, वो सब नीचे आ रहे हैं। आप जाकर मिलिए। मैसेज हम यहाँ से भेज देंगे।"

तो खाली गेला. ह्या हॉलमध्ये तो कित्येक वर्षांत आला नव्हता. वर त्याच्याकडे ही माणसं यादीतल्या ओळी होत्या. इथे त्या ओळींना गुडघेदुखी होती, धाप होती, हातात पिशव्या होत्या. कोणी रिक्षा करून आलं होतं, कोणी सुनेशी भांडून. तो प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "चूक माझी आहे. तुमचा दाखला आहे. पेन्शन चालूच राहील." काही जण ओरडले. एका निवृत्त मास्तरांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. तीन वाजेपर्यंत हॉल रिकामा झाला.

खांबाजवळच्या बाकावर एक म्हातारी मात्र बसूनच होती. अंजनाबाई, बीरगांवच्या. सरकारी दवाखान्यात आया होत्या. मांडीवर रुमाल, आणि रुमालात दोन मोबाइल.

"मावशी, तुमचं काम झालं न? जा आता."

"माझं झालं, बाबू. माझा कागद मागच्याच हप्त्यात देल्ला होता. हे दुसरं आहे न, गोदूचं. माह्या संगंच आया होती ते." त्यांनी जुना बटणांचा फोन पुढे केला. "माह्या फोनवर चाळीस आले. गोदूच्या फोनवर एक्केचाळीस. तिले एक जास्त काहून?"

श्यामकांतला हिशेब लगेच कळला. चाळीस नकलांचे, आणि एक खऱ्या मशीनचा. म्हणजे गोदूबाईंचा दाखला खरंच आला नव्हता.

"गोदूबाई कुठं आहेत?"

"गेली न ते. सावनात." अंजनाबाईंनी फोन पुन्हा रुमालात ठेवला. "तिचं कोणी नव्हतं. भाचीनं सामान नेलं, हे डबडं ठेवून गेली. मी रोज चार्ज करतो. कोणाचा फोन येत नाही, पण अकरा वाजता तुमचा मेसेज येते. टुंग वाजते. मी म्हणतो, चला, गोदूले कोणी तरी इचारून राहिलं."

अठरा वर्षांत श्यामकांतनं पाठवलेला एखादा मेसेज कुठे जाऊन वाजतो, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता.

बीरगांवकडे जायची बस तासाभरानं होती, तीही आली तर. त्यानं स्वतःची गाडी काढली. रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून दोघं निघाले. जुनं रायपूर लागायच्या आधीच रुमालात दोनदा टुंग वाजलं.

"वाचा मावशी, काय आहे ते. मॅडमनं माफी मागितली असन."

अंजनाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि अडखळत हिंदी वाचलं. "असुविधा के लिए खेद है। पूर्व के संदेश निरस्त समझें। विभाग आपको... जीवित मानता है।"

मग त्यांनी दुसरा फोन पाहिला. गोदूबाईंनाही तोच मेसेज आला होता.

श्यामकांतनं गाडीचा वेग कमी केला. आता बाई रडणार! पण अंजनाबाई हसू लागल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. "पाह्य बाबू! जित्तेपणी त्या बाईले तुमच्या हाफिसानं दोन डाव मेली म्हणून लिवलं होतं. किती चकरा मारल्या आम्ही! आन् आता मेल्यावर जित्ती केली!"

तोही हसला. मग त्यानं गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

"मावशी, नाव काढावं लागेल यादीतून," तो शेवटी म्हणाला.

"हव, काढ न. काढावंच लागते." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "पण उद्याचा मेसेज येऊ देजो."

बुधवारी चाळीस कारकुनांसाठी अनुश्रीनं मशिनं बनवली, माउसनं, एकेक करून, देख-देख के. श्यामकांत खऱ्या 'स्मरण'समोर बसला होता. गोदूबाईंचं नाव काढायची ओळ लिहून तयार होती, पण बोट एंटरवर नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते आणि नजर घड्याळाकडे.

"सर, कुछ अटक गया क्या?" अनुश्रीनं विचारलं.

"नाही, नाही," श्यामकांत ओशाळून म्हणाला. "एक मेसेज जायचा आहे. तेवढा जाऊ दे."