थंड ऊददाणी

घरातला ऊद बंद झाला, त्याच्या आठव्या दिवशी उम्म नवाफकडे, म्हणजे नवाफच्या आईकडे, पाहुण्या आल्या आणि उठायचं नावच घेईनात.

यात पाहुण्यांची काही चूक नव्हती. बहारीनच्या मुहर्रकमध्ये पाहुणीने कधी यावं हे कुणी ठरवत नाही, पण कधी जावं हे ठरलेलं आहे. आधी खजूर आणि कहवा, मग हलवा, मग चहा, त्यासोबत गैरहजर सुनांची यथासांग उजळणी आणि शेवटी यजमानीण ऊददाणी फिरवते. निखाऱ्यावरच्या उदाचा धूर बाहीत घ्यायचा, ओढणीत घ्यायचा, घराला बरकतीची दुवा द्यायची आणि चपला शोधायच्या. ऊद यायच्या आधी उठणं म्हणजे 'तुमच्याकडे आम्ही कंटाळलो' असं तोंडावर सांगणं. तसं कुणी करत नाही.

उम्म नवाफचा ऊद तर गल्लीत नाव राखून होता. ती तो स्वतः कालवायची आणि त्यात काय पडतं हे सहा वर्षांत सुनेलाही तिने कळू दिलं नव्हतं. पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट, सगळ्याला रोज धूर. नात जन्मली तेव्हा पाळण्यालाही रोज धूर. त्या पाळण्यात वाढलेली लुलवा आता चार वर्षांची होती आणि तिच्या कोपरांच्या वळणांत, गुडघ्यांच्या मागे इसब होतं. रात्री तिची आई मुनीरा तिच्या हातांवर मोजे चढवून बांधायची. तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचेच. साबण बदलून झाले, दूध बदलून झालं, तीन मलमं झाली, नजरही उतरवून झाली. शेवटी डॉक्टर इब्तिसामनी विचारलं, "घरात धूर असतो का?"

"छे! मी सिगारेटला हातही लावत नाही," नवाफ छाती पुढे काढून म्हणाला. मुनीराने नवऱ्याकडे असं पाहिलं की छाती आपोआप मागे गेली.

"कुणाकुणाचं धुराने वाढतं," डॉक्टर म्हणाल्या. "दहा दिवस ऊद, अगरबत्ती, सगळं बंद करा आणि मुलीला दाखवायला आणा."

घरी हे सांगायचं काम अर्थातच मुनीरावर आलं.

"माझ्या उदाने कुणाला खाज सुटत नाही," उम्म नवाफ म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला मी त्याच धुरात वाढवलं."

"ते रात्रभर घोरतात, यम्मा."

"घोरतो ना? खाजवत तर नाही?"

बराच वाद झाल्यावर म्हातारीने अट घातली. "दहा दिवस दिले. पोरीला उतार पडला नाही तर अकराव्या दिवशी मी दोन निखारे जास्त टाकीन आणि पुन्हा या घरात धुराविरुद्ध कुणी अवाक्षर काढायचं नाही."

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी असरची, दुपार कलतानाची नमाज झाली न झाली तोच दोन बहिणींना घेऊन उम्म हिलाल दारात उभी. मुहर्रकमध्ये तिच्या नाकाला सगळे वचकून असत. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ती म्हणाली होती की उम्म नवाफच्या उदात लाकडाचा भुसा लागतो. तेव्हापासूनचा अबोला मोडायला ती आज आपण होऊन आली होती. तिघींच्या अंगाला ऊद इतका दरवळत होता की मुनीराने लुलवाला लगेच मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

खजूर झाला, कहवा झाला. तिघींनी फिंजान, म्हणजे कहव्याचे चिमुकले पेले, हलवून 'पुरे' म्हटलं. हलवा झाला, चहा झाला. सगळ्या सुना उजळून झाल्या. मग तिघींच्या नजरा दाराकडे लागल्या. दारातून फक्त आणखी एक चहाची किटली आली.

स्वयंपाकघरात मुनीरा कुजबुजली, "सांगून टाका ना, यम्मा."

"काय सांगू? की या घरात ऊद नाही? उद्या सगळीकडे होईल, म्हातारीचा भुसासुद्धा संपला! आणि इसबाचं सांगितलं तर पोरीच्या लग्नापर्यंत कुणी विसरणार नाही."

"ती चार वर्षांची आहे!"

"उम्म हिलालला साठ वर्षांपूर्वीचं आठवतं."

मुनीराने गुलाबपाणी शिंपडून पाहिलं. पाहुण्यांना वाटलं, आता मागोमाग ऊद आलाच. त्यांनी बाह्या सारख्या केल्या आणि आणखी सैलावून बसल्या. मुनीराने एसी बंद केला. "बरं केलंस पोरी," उम्म हिलाल म्हणाली, "केव्हाचे गुडघे धरले होते माझे." सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. तिघींनी तिथेच नमाज पढली आणि परत आपापल्या लोडाला टेकल्या.

खरं म्हणजे त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. बाहेर गाडीत बसलेल्या लेकाचे, हिलालचे, चार फोन येऊन गेले होते.

"हिला काहीतरी मागायचंय," धाकटी बहीण उम्म हिलालच्या कानाला लागली. "म्हणूनच धरून ठेवलंय."

"मग माग म्हणावं! माझी पाठ मोडली."

इकडे समोरच्या उम्म याकूबने असरपासून दारात उभी असलेली गाडी पाहिली आणि आपल्या मनाने ठरवलं की नवाफच्या धाकट्या भावाचं लग्न जमतंय. शेजारधर्म म्हणून तिने घरात शिजलेला मचबूसचा, मांस घातलेल्या मसालेभाताचा, आख्खा थाळा उचलला आणि जिभेने लांब लकेर काढून आनंदाचा गजर करतच ती आत शिरली. गजर ऐकून पाहुण्या दचकल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या की आपल्यापैकी कुणाची मुलगी दिली. आता जेवण आलं. जेवणानंतर पुन्हा कहवा आला.

उम्म नवाफ तडक स्वयंपाकघरात गेली. "निखारा पेटव."

"यम्मा, दोनच दिवस राहिलेत!" मुनीराचा आवाज रडवेला झाला. "आज धूर झाला तर सगळं पहिल्यापासून!"

"चिमूटभर टाकीन. खिडक्या उघडू. नाहीतर या तिघी इथेच म्हाताऱ्या होतील. आधीच आहेत."

मुनीराने गॅसवर कोळसा ठेवला. तो लाल होईपर्यंत उम्म नवाफ लुलवाच्या खोलीचं दार घट्ट ओढायला गेली आणि दाराशीच थांबली.

बाहेर एवढा गजर झाला होता, तरी पोर गाढ झोपली होती. दोन्ही हात डोक्यावर टाकलेले, बाह्या वर सरकलेल्या. हातांवर मोजे नव्हते. उम्म नवाफ वाकली. कोपराच्या वळणात चार वर्षं जी लालभडक, ओली जखम असायची, तिथे नुसती खरखरीत गुलाबी कातडी होती. बोटं सैल सुटलेली. या मुलीची बोटं सैल असतात हे आजीने पहिल्यांदा पाहिलं. मायेने, आपल्या हाताने, रोज या पोरीच्या पाळण्याला तिनेच धूर दिला होता.

ती परत आली, चिमट्याने निखारा उचलला आणि मोरीत नळाखाली धरला. चर्र आवाज झाला.

"मोजे कधी काढलेस?"

"परवापासून. तुम्हाला सांगणार होते, पण म्हटलं दृष्ट लागेल."

"ऊददाणी पूस," उम्म नवाफ म्हणाली. "ओढणी नीट कर आणि माझ्या मागून ये. तोंडातून शब्द काढायचा नाही."

लखलखीत पितळी ऊददाणी दोन्ही हातांत धरून ती थाटात बैठकीत आली आणि उम्म हिलालपुढे उभी राहिली. उम्म हिलालने आत पाहिलं. निखारा नव्हता, ऊद नव्हता, राखेचा कणही नव्हता. तिने मान वर करून यजमानणीकडे पाहिलं.

"घ्या, उम्म हिलाल," पापणी न हलवता उम्म नवाफ म्हणाली. "घरचाच आहे."

तेवढ्यात हिलालचा पाचवा फोन वाजला. उम्म हिलालने बाही उचलली, ऊददाणीवर तीनदा हात फिरवून नसलेला धूर अंगावर ओढून घेतला आणि डोळे मिटले.

"हलका आहे," ती म्हणाली. "डोळ्यांना लागत नाही. आणि भुसा तर अजिबात नाही."

तिने म्हटल्यावर कुणाची काय टाप! मधल्या बहिणीने ओढणी धुपवली. धाकटी तर सवयीने थोडी खोकलीसुद्धा. उम्म याकूबने केस मोकळे सोडून दोनदा धूर घेतला आणि कृती विचारली. पुढच्या चार मिनिटांत चपला पायांत होत्या.

उंबऱ्यापाशी उम्म हिलालने उम्म नवाफचं मनगट धरून तिला बाजूला ओढलं.

"लबाड कुठली! कुणाला काय झालंय?"

उम्म नवाफने एक श्वास घेतला. "नातीला. इसब आहे."

उम्म हिलालचा हात ढिला पडला. "माझ्या हिलालच्या धाकट्यालाही. रात्र रात्र ओरबाडतो स्वतःला. मी कुणाजवळ बोलले नाही गं. बंद करून फरक पडतो?"

"आठवा दिवस आहे. ये, बघ."

दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून लुलवाच्या दारापर्यंत गेल्या. उम्म हिलालने अंगावरच्या उदाची आठवण होऊन नाकावर ओढणी धरली आणि दारातूनच, टाचा उंचावून पाहिलं. बाहेर हिलाल हॉर्न वाजवून दमला.

दहाव्या दिवशी डॉक्टर इब्तिसामनी लुलवाची कोपरं, मग गुडघे उजेडात धरून पाहिले आणि हसल्या. "छान सुकतंय! मलम चालू ठेवा. घरात काय बदल केलात?"

"धूर बंद केला," उम्म नवाफ म्हणाली. "माझाच निर्णय. घरचे ऐकत नव्हते, पण मी बधले नाही."

मुनीराने तोंड उघडलं, लेकीच्या कोपरांकडे पाहिलं आणि डोळे पुसत हसायला लागली.

बाहेरच्या खोलीत खाजवणारी लेकरं मांडीवर घेऊन पाच-सहा बाया नंबराची वाट बघत होत्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पांढरी डबी होती. तिने फुस्स करून सुगंधाचा फवारा सोडला. उम्म नवाफ जागच्या जागी थांबली.

"डॉक्टर! जरा बाहेर या."

डॉक्टर बाहेर आल्या. तीन वर्षं त्या डबीखालून त्यांची ये-जा होती. त्यांनी डबीकडे पाहिलं, लेकरांकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. पुढच्याच मिनिटाला सोबत आलेला नवाफ खुर्चीवर चढून डबी उतरवत होता.

बायांनी सरकून मधोमध जागा केली. उम्म नवाफ बसली, लुलवाला मांडीवर घेतलं, तिची बाही वर केली आणि धूर कातडीला काय करतो ते पहिल्यापासून सांगू लागली. नर्सने पुढचं नाव तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही.