खोडलेलं वाक्य

बसस्थानकावरच्या उद्घोषिकेचा आवाज बसला, तोही नेमका वाचक मंडळात तिची बोलायची पाळी असलेल्या आठवड्यात. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशाला जास्त ताण पडतो." यावर काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच लक्ष ठेवा."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलत तो एवढंच विचारायचा, "हे बरं दिसतं, की हे?" उत्तर आलं की पुढची काच. घरी आल्यावर तेवढंही विचारावं लागत नसे. बायको दिवसभर बोलून दमत असेल असं लोकांना वाटायचं. खरं तर दिवसभर गाड्यांबद्दल बोलावं लागल्याने तिचं स्वतःचं बोलणं तुंबून राहिलेलं असायचं, आणि दारात चपला काढता काढताच ते वाहायला लागायचं. एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला, असं नातेवाईक म्हणत. तो त्यावरही काही म्हणत नसे.

शनिवारी दुपारी तिने दोन पानं भरून आपलं मत लिहिलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवून त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

"मी?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"तिथे?"

पुन्हा मान हलली.

"मोठ्याने?"

तिने हात जोडले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हात जोडल्याचं त्याला आठवत नव्हतं, त्यामुळे तो निमूटपणे शर्ट बदलायला गेला. गडबडीत तिचा फोन चार्जिंगलाच राहिला.

वाचक मंडळ ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचं. घडीच्या खुर्च्या, एक लांब टेबल, आणि खिडकी उघडली की कागद उडतात म्हणून बंद ठेवलेली खिडकी. त्या दिवशी चर्चेला एक प्रेमकादंबरी होती. नायक इमारतींचे पाये तपासणारा अभियंता. रोज तोच नाश्ता, तोच रस्ता. नायिका पॅराग्लायडिंग शिकवणारी. त्याला जमीन सोडवत नाही, तिला जमिनीवर राहवत नाही. तीनशे पानं दोघं भांडतात आणि शेवटी तो डोळे मिटून तिच्याबरोबर कड्यावरून उडी घेतो. तिथे पुस्तक संपतं.

ग्रंथपालबाईंनी सुरुवात केली. "मी पुस्तक कसं आहे ते डागांवरून ओळखते. आपल्या प्रतीत शेवटच्या पन्नास पानांवर एकही चहाचा डाग नाही. म्हणजे तिथे कुणाला कप उचलायचं भान राहिलेलं नाही."

"किंवा तिथवर कुणी पोचलेलं नाही," निवृत्त न्यायाधीश म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष तेच होते. त्यांना कादंबरीतली दोघं आवडली होती, पण उडी मारण्यापूर्वी नायकाने कुठल्याही कागदावर सही केल्याचा उल्लेख नाही, हे त्यांना खटकलं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांत तरुण. पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न होतं. त्या म्हणाल्या, "मी दोनदा रडले. पण मला एक कळत नाही. इतकी वेगळी माणसं एकमेकांना आवडतात हे खरं. पण नंतर निभतं का?"

"निभतं," कोपऱ्यातून उत्तर आलं, "एकाने गप्प बसायचं ठरवलं की." या होत्या चष्मेवाल्याच्या थोरल्या बहीण, म्हणजे उद्घोषिकेच्या नणंदबाई. सगळं मंडळ त्यांना ताई म्हणायचं. "त्या मुलीसाठी सगळं बदललं. बिचाऱ्याचा नाश्तासुद्धा बदलला. तिने काय बदललं, सांगा. टोपी?"

उद्घोषिकेने खुर्चीत चुळबुळ केली. एरवी अशा वाक्याला तिने तिथल्या तिथे तीन उत्तरं दिली असती. आता तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो उभा राहिला, खाकरला आणि वाचायला लागला.

तिचं अक्षर तिच्या बोलण्यासारखंच होतं. मागचं पुरं व्हायच्या आत पुढचं येऊन आदळायचं. तरी पहिलं पान त्याने बरं निभावलं. "ही कादंबरी जिथे संपते तिथे सुरू व्हायला हवी होती," असं काहीसं होतं. "उडी एकदाच मारायची असते. खाली उतरल्यावर ओल्या टॉवेलवरून जे होतं, ते लेखिकेने लिहिलेलं नाही." लोक हसले. न्यायाधीशांनी मान डोलावली. नवऱ्याला जरा धीर आला. आपल्या आवाजावर लोक हसतात, हा अनुभव त्याला नवीन होता.

दुसऱ्या पानावर एका वाक्याखालून ठळक रेघ गेली होती. महत्त्वाचं असणार, म्हणून ते त्याने सावकाश, शब्दन् शब्द सुटा करत, जरा वरच्या पट्टीत वाचलं.

"असा अबोल नायक पुस्तकात फार गोड वाटतो. घरात असला म्हणजे कळतं, की आपण इतकी वर्षं एका कपाटाशी बोलतो आहोत."

नवऱ्याच्या कानात ते वाक्य तोंडातून निघाल्यावर जरा उशिराने शिरलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मग उठून तिने कागदावर बोट ठेवलं आणि हवेत जोरजोरात रेघा ओढून दाखवल्या.

"हो, रेघ आहे ना," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच जोरात वाचलं."

ग्रंथपालबाईंनी वाकून कागद पाहिला. "अहो, ही रेघ खालून नाही, मधून आहे. त्यांनी हे खोडलंय. घाईत रेघ जरा खाली घसरली."

"खोडलं म्हणून काय झालं," ताई म्हणाल्या. "लिहिल्याशिवाय खोडता येतं का? कपाट म्हणे. अरे, तू लहानपणी किती बोलायचास. पाहुण्यांना कविता म्हणून दाखवायचास."

"ताई, मी नाही. तो धाकटा."

"तेच ते. घरात बोलणारं कुणीतरी होतं."

न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. "खोडलेला मजकूर कामकाजातून वगळण्यात येत आहे. सर्वांनी तो ऐकलेला नाही." पण सर्वांनी तो ऐकला होता. सगळे आता पुस्तकाकडे न पाहता त्या दोघांकडे पाहत होते, आणि सर्वांत जास्त निरखून पाहत होत्या डॉक्टरीणबाई.

"मला खरं सांगा," त्या उद्घोषिकेला म्हणाल्या. "माझा होणारा नवरा दिवसभर बोलतो. मी दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून गप्प असते. आमचं काहीच जुळत नाही. तुम्ही इतकी वर्षं काढलीत. असं लग्न करावं का?"

उद्घोषिकेने तळहात पुढे करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला.

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. दुभाष्याचं काम आपल्याकडे आहे हे त्याच्या ध्यानात आलं. "नको म्हणते," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन थरथरला. त्यावर नजर टाकून त्या "एक मिनिट" म्हणत उठल्या आणि जिन्याकडे गेल्या.

उद्घोषिकेने कपाळावर हात मारला. मग पेन्सिल ओढून कागदावर भराभरा काहीतरी लिहिलं आणि नवऱ्यापुढे धरलं. त्याने कागद जवळ नेला, लांब नेला, चष्मा वर केला. रागात तिचं अक्षर चिमणीच्या पायांसारखं झालं होतं. न्यायाधीशांनीही प्रयत्न केला आणि "पहिला शब्द बहुधा 'मूर्ख' आहे" असा निर्णय दिला.

"मोडलं बघा त्या पोरीचं लग्न," ताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता बारीक झाला होता.

नवरा उठला आणि जिन्याकडे गेला. बायको त्याच्या मागे गेली. ताई तिच्या मागे. डॉक्टरीणबाई जिन्याच्या वळणावर फोन हातात धरून उभ्या होत्या. नवरा त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या वर थांबला, कठडा धरला आणि बोलायला लागला.

"हे पाहा, ती नको म्हणाली नव्हती. मी चुकीचं सांगितलं. ती असा हात करते त्याचा अर्थ 'थांबा, सांगते' असा असतो. मला आत्ता कळलं. एरवी ती हात हलवते तेव्हा बोलतही असते ना, त्यामुळे हाताकडे बघायची वेळ येत नाही." तो थांबला. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, पण थांबवतही नव्हतं. "खरं सांगायचं तर आवाज बसला तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आठवडाभर शांतता. पहिल्या दिवशी पेपर पूर्ण वाचला. दुसऱ्या दिवशी दुकानातून आलो, तर दिवसभरात काय झालं ते मला कळेना. तिचं नाही, माझं. तिचं बोलणं ऐकता ऐकता मला माझंही आठवायचं. कुणी गिऱ्हाईक कटकट करून गेलं असेल, तर 'आज चेहरा असा का?' असं तीच विचारायची, आणि उत्तरही तीच द्यायची. बरोबर असायचं ते. मला वाटायचं मी मुळातच अबोल. तसं नाही. मी आयतं बोलून घेत होतो.

"कपाट म्हणाली ते काही खोटं नाही. मला राग नाही आला. म्हणजे आला, थोडा. आमचं पटतं असंही नाही. तिला खिडक्या उघड्या लागतात, मला बंद. ती निघायच्या आधी तीन वेळा निघते, मी एकदाच निघतो आणि उशिरा निघतो. यातलं काही सुटलेलं नाही, सुटेल असं वाटतही नाही. पण तुम्ही माझ्या भाषांतरावर लग्न मोडू नका. मला तिची भाषा अजून नीट येत नाही."

वर ताई कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि उगाचच पदराचं टोक न्याहाळत होत्या. उद्घोषिका जागची हलली नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मी लग्न मोडायला नव्हते आले. दवाखान्यातून फोन होता. सकाळी एकांची दाढ काढली, तिथून अजून रक्त येतंय. कापूस दाबून धरा, एवढंच सांगत होते."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "असं होय," तो म्हणाला.

"पण तुम्ही बोललात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्याला विचारीन म्हणते, माझा हात कधी बघतो का ते." आणि फोन पर्समध्ये टाकून त्या वर गेल्या.

चर्चा पुढे फारशी रंगली नाही. न्यायाधीशांनी कादंबरी साधारण बरी असल्याचं बहुमताने नोंदवून घेतलं. ताईंनी आपलं मत बदललं नाही, पण जाता जाता भावजयीला म्हणाल्या, "घसा सांभाळ गं. तू गप्प असलीस की हा फार बोलतो."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, बेताबेताने. आता आठवड्याचं तुंबलेलं एकदम येणार, या तयारीने नवरा त्या संध्याकाळी दुकान जरा लवकर बंद करून घरी आला. ती ओट्यापाशी उभी होती. आवाज अजून घोगरा होता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कशी वाटली?"

"काय?"

"कादंबरी. त्या दिवशी सगळ्यांनी मत दिलं. तुमचं राहिलं."

"मी वाचली असेन असं कशावरून?"

"पुस्तकातली माझी खूण पुढे सरकली होती. कधी वाचलीत?"

"तू गप्प होतीस तेव्हा. घरात दुसरं काय करणार?"

ती पुढे काही बोलेल म्हणून त्याने वाट पाहिली. ती बोलली नाही. तीही वाट पाहत होती. समोरच्या माणसाने असं उत्तराची वाट बघत उभं राहणं किती अवघड असतं, हे दिवसभर तेच करणाऱ्या माणसाला तोवर ठाऊक नव्हतं.

"त्याने उडी मारायला नको होती," तो शेवटी म्हणाला.

"का?"

"डोळे मिटून मारली. मग तिला उडताना पाहिलं कुणी? त्याने खाली उभं राहायचं. ती कुठे उतरते ते बघायचं."

"म्हणजे तिने एकटीने उडायचं, आणि यांनी खाली हात बांधून उभं राहायचं," ती म्हणाली, आणि घोगऱ्या आवाजातही तो जुना सूर लागला. "तीनशे पानं वाचून एवढंच कळलं तुम्हाला?"

"नाही," तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. "अजून आहे."

तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.