नववी वाट

गुलाबकाकांसमोर चहा सांडायचा नाही, हे शेलूबाजारकडच्या आमच्या खेड्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं. सांडला, की काका त्यात बोट बुडवून ओट्यावर रेघा ओढू लागत आणि ऐकत बसलेल्याची गावाला जायची मोटार निघून जाई. आपल्या जुन्या प्रांताची राजधानी अजून नागपूरच होती, तेव्हाची ही गोष्ट.

काकांना एकच वेड होतं. रेघेवरून रेघ जाता कामा नये. कुणाला बागेत पाण्याचे पाट काढायचे असोत की लग्नात वाढप्यांच्या वाटा ठरवायच्या असोत, काका आधी धुळीत काडीनं चित्र काढत. रेघा पुसत, वळवत आणि मग निकाल देत. "जमते," नाहीतर, "नाई जमत. पाटावरून पाट गेला का फावडे निघतेत." एका लग्नात त्यांनी वरणवाल्याला अख्ख्या मांडवाला वळसा घालायला लावला. वरण गार झालं, पण कुणी कुणाला धडकलं नाही, यावरच स्वारी खूष.

मला हसू यायचं. पण हे वेड त्यांना घरातूनच लागलं होतं. वाटणीत तिघा भावांचं बोलणं तुटलं. घरं तीन झाली. विहीर, खळं आणि देऊळ सामाईक राहिलं. थोरल्यांनी बजावलं, माझ्या वाटेवर कुणाचा पाय पडायला नको. तीन घरांच्या नऊ वाटा, आणि एकीनंही दुसरीला ओलांडायचं नाही. काका मधले. भांडण पुन्हा कचेरीत जाऊ नये म्हणून ते जीव तोडून तेच चित्र काढत बसत.

"आठ जमतेत, बापू," ते एकदा मला म्हणाले. "नववी कशीबी फिरवा, कोणाले तरी कटतेच."

"मग काय केलं?"

"काय करतो? एक फुली राह्यली. माही देवळाची वाट अन् दादाची विहिरीची. तिथंच निंबाखाली बसतो मी सकाळी. दादा बोलत नाईत. पण मी उठतवर थांबा लागते ना त्याईले."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला, की मला पुढे थट्टा करवेना.

त्याच उन्हाळ्यात थोरल्यांनी स्वतःच्या वावरात विहीर खोदली. पाणी चांगलं लागलं. त्यांची जुनी वाट मोडली, पावसाळ्यात तिच्यावर गवत माजलं.

पारावर लोक म्हणाले, "गुलाबराव, सुटलं तुमचं कोडं. आता एकबी रेघ कटत नाई."

"हो, जमलं," काका म्हणाले.

घरी परतताना ते माझ्यासोबत होते. निंबापाशी आल्यावर थांबले.

"बापू," ते म्हणाले, "आता दादा मले कुठी भेटतीन?"